बाबांच्या खुलाशातला एक शब्द

प्रँक आणि होक्स या दोन इंग्रजी शब्दांत फरक काय, असं मला कुणी विचारलं की मी आधी उठून उभी राहते. बसून मला ते सांगताच येत नाही. परवा नातसुनेनं सहज विचारलं, तिला कसलंसं भाषांतर करायचं होतं. मी स्वयंपाकघर ते खिडकी आणि खिडकी ते स्वयंपाकघर अशा चार फेऱ्या मारल्या आणि तिला म्हटलं, थांब, मी लिहूनच देते. ती बिचारी एक ओळ मागत होती. त्या ओळीचं हे एवढं झालंय.

एका ओळीत सांगायचं तर आपल्याकडे फिरकी घेणं वेगळं आणि टोपी घालणं वेगळं. प्रँक म्हणजे फिरकी. होक्स म्हणजे टोपी. फिरकी घेणारा माणूस कुठे जात नाही. तो तिथंच कोपऱ्यात उभा असतो, कारण तुमचं तोंड कसं होतं ते त्याला बघायचं असतं. ते बघून झालं की तो आपण होऊन पुढे येतो. टोपी घालणारा घालतो आणि चालायला लागतो. तुम्हाला जन्मात कळलं नाही तरी त्याला बरंच. कोशात मात्र एकाचा अर्थ बघायला जावं तर दुसरा शब्द समोर येतो, जसे काही सख्खे चुलतभाऊ. मी बावीस वर्षांची होते आणि मी कोशावर विश्वास ठेवला. समोर बसलेला बाप तोंडानं सांगत होता, त्याचं ऐकलं नाही.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो, तिसऱ्या मजल्यावर. आई मी शाळेत असतानाच गेली, त्यामुळे खोलीत बाबा आणि मी. बाबा परळच्या एका गिरणीत साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, फिटर होते. माग अडला की बाबांना हाक. चोवीस वर्षं एकाच गिरणीत, एकाच खात्यात. मी मॅट्रिक झाले, दादरला टायपिंगच्या क्लासला गेले आणि हे सगळं घडलं त्याच्या आदल्या दिवाळीनंतर गिरगावात एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून चिकटले. सहा महिने नोकरी कच्ची, मग कायम करायचं की नाही ती साहेबांची मर्जी.

चाळीत इंग्रजी लिहिता येणारी मी एकटीच. म्हणजे पुरुष होते दोघं-तिघं, पण ते 'वेळ नाही' म्हणायचे. मला कोण वेळ नाही म्हणू देणार? रजेचा अर्ज, शाळेचा अर्ज, घरमालकाला नळाबद्दलचा अर्ज, सगळे माझ्याकडे. आणि आमच्याकडे अर्जाचा एक नियम होता. अर्ज वाचून दाखवला आणि ऐकणाऱ्याला त्यातलं अक्षर कळलं नाही, तर अर्ज फर्स्टक्लास. कळला तर तोंड वाकडं. 'बाय, जरा जड लिही ना,' असं म्हणायचे. मग मी जड लिहायची. मला ते आवडायचंसुद्धा, खोटं कशाला बोलू. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला, तसं माझं इंग्रजी.

आमच्या मजल्यावरच दोन खोल्या सोडून काका राहायचे. सख्खे नव्हेत. बाबांचे गाववाले, मालवणाकडचे. दोघं एकाच बोटीनं मुंबईला आले, एकाच गिरणीत लागले. काका त्याच खात्यात जॉबर झाले, म्हणजे खात्यातल्या मागवाल्यांवर देखरेख त्यांची. माणूस देवासारखा, पण भित्रा इतका की पाल चुकचुकली तरी कानाला हात. आणि बाबा तेवढेच खोडकर. दर शिमग्याला बाबांनी काकांची फिरकी घ्यायची, हा गावापासूनचा रिवाज. काका चिडायचे, पण एखाद्या वर्षी बाबा विसरले तर तेच विचारायला यायचे की अजून काही केलं कसं नाहीस.

या फिरकीचे कायदे ठरलेले होते आणि ते साऱ्या गाववाल्यांना ठाऊक. शिमग्याच्या दिवसांतच घ्यायची. जेवणाच्या सुट्टीच्या आत उघड करायची. उघड करताना ज्यानं घेतली त्यानं स्वतः, तोंडावर हात मारून बोंब मारत, सगळ्यांदेखत पुढे यायचं. मग ज्याची घेतली त्यानं पोटभर शिव्या द्यायच्या आणि समोरच्यानं मान खाली घालून त्या ऐकायच्या, उलट शब्द बोलायचा नाही. शिव्या संपल्या की दोघांनी चहा प्यायचा. शिव्या झाल्या नाहीत तर फिरकी पुरी झाली नाही, असं बाबा म्हणायचे. मला या सगळ्याची लाज वाटायची. गिरगावच्या ऑफिसात मी कधी कुणाला सांगितलं नाही की माझा बाप पन्नाशीत तोंडावर हात मारून ओरडतो.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा पेटलेली होती. गोळीबाराला जेमतेम दोन महिने झाले होते. आमच्याच रस्त्यावर माणसं पडली होती. त्यानंतर कुणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मी ऑफिसातून परत येताना ट्रामच्या थांब्यापासून चाळीपर्यंत लोकांच्या तोंडांकडे बघत चालायची, कुणी पळतंय का ते बघायला. दारं धाडकन लागली तरी गॅलरीत माणसं जमायची. अश्रुधुरासाठी दाराशी फडकं भिजवून ठेवलेलं असायचं आणि ते वाळलं की पुन्हा भिजवायचं. भिंतीभिंतींवर 'झालाच पाहिजे'. बाबाही सभांना जायचे, घसा बसेपर्यंत ओरडून यायचे. मला घरात बसवत नसे नि बाहेर पडवत नसे. नुसती येरझारा घालायची.

अशा दिवसांत शिमगा आला. मी बाबांना म्हटलंही होतं की या वर्षी काही नको. ते म्हणाले की सगळेच तोंड लांब करून बसलेत, म्हणून तर पाहिजे.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चालू पाळीत काकांजवळ गेले. चेहरा गंभीर करून त्यांनी सांगितलं की मोर्चा आलाय, गेट फोडतायत, साहेबानं खातं बंद करायला सांगितलंय. त्यांचा हिशोब असा की काका हातपाय गाळून खात्याच्या मास्तरांच्या केबिनकडे विचारायला पळणार, आणि ते दारात पोचायच्या आत बाबा बोंब मारत समोर उभे राहणार. चोवीस वर्षांत काकांनी कधी कुणाला विचारल्याशिवाय नाकावरची माशी उडवली नव्हती. त्या दिवशी नेमके ते केबिनकडे गेले नाहीत. वळले, भिंतीवरचा मोटरचा खटका खाली ओढला आणि ओरडले, 'पळा!'

गिरणीतला आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना कळेल, तो एकाएकी थांबला की काय वाटतं. सगळं खातं जिन्याकडे धावलं. बाबा त्यांच्या मागे, हसत, तोंडावर हात मारत, शिमगा रे, शिमगा, म्हणत. पण त्या गोंधळात शब्द कुणाला ऐकू येणार? नुसती बोंब ऐकू आली आणि लोकांना वाटलं मोर्चा आत शिरला. ते आणखी जोरात पळाले. जिन्यात एकाचा पाय मुरगळला. शेवटी अंगणात बाबांनी काकांना गाठलं, त्यांचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांदेखत सांगितलं की मी केलं, गंमत केली, आता घाल शिव्या. काकांनी एकही शिवी घातली नाही. ते तिथंच पायरीवर बसले. खातं पुन्हा चालू व्हायला तास-दीड तास गेला.

दुसऱ्या दिवशी बाबांना चार्जशीट मिळाली. इंग्रजीत. मी ती वाचून दाखवली. चळवळीच्या निमित्तानं खोटी अफवा पसरवून, जाणूनबुजून खातं बंद पाडलं, दोन दिवसांत लेखी खुलासा द्यावा, न पटल्यास नोकरीवरून काढण्यात येईल. युनियनमधले ओळखीचे दोघं चळवळीपायी तुरुंगात होते. जे बाहेर होते त्यांतल्या एकानं येऊन बाबांना सांगितलं की चळवळीसाठीच केलं म्हणून सांगा, आपण हार घालून मिरवू. बाबांनी हात जोडले. चळवळीसाठी केलं असतं तर सांगितलं असतं, म्हणाले, पण मी ते गाववाल्याला हसवायला केलं.

खुलासा मी लिहायचा होता. दुसरं कोण लिहिणार?

बाबा खाटेवर बसून सांगत होते आणि मी कागद-पेन्सिल घेऊन फिरत होते. त्यांनी सगळं सांगितलं. गावचा रिवाज सांगितला, कायदे सांगितले, बोंब कुठून मारायला लागलो, जिन्याच्या कितव्या पायरीवर होतो, काकांचे हात कसे धरले. शिव्यांचंही सांगितलं. मी वैतागले. साहेबाला काय करायचंय तुमच्या शिव्यांशी? इंग्रजीत असलं पाल्हाळ लावत नाहीत, चार वाक्यांत सांगतात, असं मी त्यांना सुनावलं.  त्यावर त्यांनी एवढंच विचारलं, 'मी बोंब मारीत फुडे इलंय, तां लिवलंस मां?'

मी म्हटलं, 'ते त्या शब्दातच येतं, बाबा.'

येत नव्हतं. त्या शब्दात नेमकं तेवढंच येत नव्हतं.

शब्द मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत शोधला. कपाटात एक जुना इंग्रजी-मराठी कोश होता, पानं पिवळी पडलेला. प्रँकच्या पुढे दिलेलं: पोरचेष्टा, माकडचेष्टा. मी तो कोश हातात घेऊन उभी राहिले. पन्नाशीचा माणूस, चोवीस वर्षं फिटर, आणि मी त्याच्या नावानं साहेबाला लिहू की याने माकडचेष्टा केली? होक्सच्या पुढे दिलं होतं: थट्टा, हूल, फसवणुकीची गंमत. हे बरं वाटलं. यात वय होतं. शिवाय हा शब्द मी यापूर्वी कधी टाइप केलेला नव्हता, नवीन होता, जड होता. प्रँक काय, शाळेतल्या पोरांच्या पुस्तकातही असतो. मी होक्स लिहिला. चारच वाक्यं. सदरहू प्रकार हा केवळ एक होक्स होता, त्यामागे चळवळीचा संबंध नव्हता, नुकसानीबद्दल खेद वाटतो, सेवेत ठेवावं ही विनंती. ऑफिसच्या यंत्रावर टाइप केला, एक खाडाखोड नाही. मला स्वतःचाच अभिमान वाटला, हे लिहिताना आजही कानशिलं तापतात.

संध्याकाळी वाचून दाखवला. बाबांना अर्थातच काही कळलं नाही आणि त्यामुळे ते खूष झाले. वळणदार मराठीत त्यांनी सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत बसले.

आता मला फरक विचाराल तर मी रात्रंदिवस सांगेन. प्रँकमध्ये दोघं लागतात आणि दोघं शेवटपर्यंत तिथंच राहतात. होक्सला तशी गरज नाही. होक्स करणारा घरी बसून करू शकतो, दुसऱ्या गावाहून करू शकतो, मरून गेल्यावरसुद्धा त्याचा होक्स चालू राहू शकतो. प्रँकचा जीव एवढासा, घटकाभराचा, आणि तो मरावा म्हणूनच तो केलेला असतो. होक्स जगावा म्हणून करतात. प्रँकमध्ये एकाचं तोंड पडतं, होक्समध्ये गावच्या गाव फसतं. बाबांनी जे केलं त्यात गाव फसलं, हे खरं. पण त्यांना एकच तोंड बघायचं होतं. आणि ते लपले नाहीत, ते धावत होते, सगळ्यांत मोठ्यानं तेच ओरडत होते. हे सगळं त्यांनी मला खाटेवर बसून सांगितलं होतं. कोशापेक्षा नीट सांगितलं होतं. मी ते पाल्हाळ म्हणून खोडलं.

आठवड्यानं चौकशी झाली. मी अर्धा दिवस रजा घेतली आणि गिरणीच्या भिंतीकडेला उभी राहिले. उभी कसली, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. गेटवरचा भय्या म्हणाला की बाई, चक्कर येईल. आत बाबा, लेबर ऑफिसर, लिहून घेणारा एक कारकून आणि साक्षीला काका. वीस-पंचवीस मिनिटांत दोघं बाहेर आले. मी बाबांना काय झालं विचारलं. 'झाला,' एवढंच म्हणाले आणि मला चहा पाजायला इराण्याकडे घेऊन गेले. काका आमच्याबरोबर आले नाहीत. ते रस्ता ओलांडून निघून गेले, आणि मला त्यांचा राग आला.

चार दिवसांनी लिफाफा आला. मी गॅलरीत उभी राहून फोडला आणि आधी मनात वाचला. त्यात लिहिलं होतं की कामगारानं आपल्या लेखी खुलाशात हा प्रकार होक्स असल्याचं स्वतः मान्य केलं आहे, म्हणजे खोटं सांगून लोकांना फसवण्याचा हेतू कबूल केला आहे, आणि चौकशीत विचारल्यावरही खुलासा बरोबर असल्याचंच सांगितलं आहे. सबब नोकरीवरून कमी करण्यात येत आहे.

 बाबा आतून विचारत होते, काय म्हणतात? मी आत गेले आणि कागद बघत बघत मराठीत सांगितलं की साहेबांना आपली गंमत पटली नाही, त्यांच्या मते जॉबरनं खटका ओढला म्हणजे बाब गंभीर आहे. तो शब्द मी सांगितलाच नाही. सगळं काकांच्या खटक्यावर ढकललं. बाबा मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले की बरं, आता कागद घडी घालून ठेव. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात साहेबांच्या कपाटातला जाडा इंग्रजी कोश काढला, एक ओळ वाचली आणि परत ठेवला. त्या दिवशी मी तीन पत्रं चुकवली.

पुढची चार वर्षं मी माझ्या शब्दाचं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर कुणाला? बाबांना घोडपदेवला एका लहानशा वर्कशॉपात काम मिळालं, गिरणीच्या मानानं काहीच नाही. भोंगा झाला की ते सवयीनं उठायचे, सदरा चढवायचे आणि मग आठवायचं. घटकाभर सदरा घालून तसेच खाटेवर बसायचे. ते बघून मला आत काहीतरी भाजायचं. आणि तो सगळा जाळ मी काकांवर काढला. भित्रा मेला, मी म्हणायची. एवढा घाबरट नसता तर माझ्या बापाची नोकरी गेली नसती. त्यांच्याशी बोलणं टाकलं. गॅलरीत समोरून आले तर भिंतीकडे तोंड करायची. बाबा मात्र त्यांच्याकडे रोज जाऊन बसायचे. मला वाटायचं, बाबा किती मोठ्या मनाचे, ज्यानं नोकरी घालवली त्याच्याकडेच बसतात. हेही मी मोठ्यानं म्हणायची, दोन खोल्या पलीकडे ऐकू जाईल अशा बेतानं.

मग राज्य झालं. मुंबईसकट. त्या दिवशी सकाळी लालबागमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चाळीला तोरणं, खाली अंगणात रांगोळ्या, ताशा चाललेला, बायका नथी घालून जिन्यात. काका पेढ्यांचा पुडा घेऊन प्रत्येक दारात जात होते. आमच्या दारात आले आणि पुडा पुढे केला. बाबा खाली तोरण बांधायला गेले होते. मी हात मागे घेतला. आनंदाच्या दिवशी तरी गप्प बसावं, पण जीभ माझी.

मी म्हटलं, 'काका, माझ्या बापाची नोकरी घालवलीत, आता पेढे कसले देता?'

त्यांनी पुडा उंबऱ्यावर ठेवला. त्या माणसाला मी जन्मात प्रथमच रागावलेलं बघितलं. चार वर्षं ऐकून घेतलं, म्हणाले, तुझ्या बापाला वचन दिलं होतं म्हणून. आज ऐक. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. चौकशीत ऑफिसर मराठीच होता, भला माणूस होता. त्यानं बाबांचा खुलासा हातात घेऊन मराठीत विचारलं की यातला हा एक शब्द वाईट आहे, याचा अर्थ तुम्ही फसवायलाच केलं असा होतो, तुम्हाला तसंच म्हणायचंय का? बाबा म्हणाले, नाही. मग ऑफिसर म्हणाला की हे कुणी लिहून दिलंय? बाबांनी सांगितलं, मुलीनं. मग सोपं आहे, तो म्हणाला. मुलीला इंग्रजी नीट येत नाही, तिच्याकडून चूक झाली, एवढं सांगा, मी ते इथं लिहून घेतो आणि तुमचा खुलासा मराठीत नव्यानं घेतो. बाबांनी विचारलं की ते कुठे लिहिणार? ऑफिसर म्हणाला, या फाइलीत.  काका शेजारीच होते, त्यांनी बाबांचा हात दाबला, सांग म्हणून. मग बाबांनी सांगितलं.

'माझ्या चेडवाचा इंग्रजी चुकूचा नाय,' असं म्हणाले ते. ऑफिसरनं दोनदा विचारलं. दोनदा तेच म्हणाले.

काका निघून गेले. पुडा उंबऱ्यावरच राहिला. म्हणजे मी लिफाफा फोडून मराठीत खोटं खोटं वाचून दाखवत होते, तेव्हा बाबांना खरं ठाऊक होतं. शब्द ठाऊक होता, माझी चूक ठाऊक होती, आणि मी ती लपवतेय हेही ठाऊक होतं. तरी ते मान हलवत ऐकत होते.

मी तीन मजले धावत खाली उतरले. बाबा स्टुलावर उभे राहून दाराच्या चौकटीला आंब्याचे टहाळे बांधत होते, तोंडात सुतळी धरलेली. भोवती एवढा गोंगाट, गुलाल उडतोय, आणि मी त्यांच्या पायांशी उभी. मला ओरडायचं होतं, त्यांच्याशी भांडायचं होतं, पाय धरायचे होते. यातलं काही जमलं नाही.

मी विचारलं, 'बाबा, माझी चूक होती, ते चौकशीत सांगितलं का नाहीत?'

त्यांनी सुतळी तोंडातून काढली. काकांनी सांगितलं हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असणार. रागावले नाहीत. गाठ नीट बसवली, ओढून बघितली आणि खाली न बघताच बोलले.

'तुझी नोकरी कच्ची होती गो. कागदार इला असता, चेडवाक इंग्रजी येणा नाय म्हणून, तर तुझ्या सायबाक कळला असता. सगळे सायब एकमेकाक वळाखतत.'

आमच्या वकीलसाहेबांना आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कोण बसतं ते ठाऊक नव्हतं. परळच्या गिरणीतली फाइल गिरगावात कोण बघायला येणार होतं? माझ्या नोकरीला कधी कसला धोकाच नव्हता. बाबांनी आपली चोवीस वर्षं कशापायी दिली ते मला त्या क्षणी कळलं, आणि ते स्टुलावरून माझ्याकडे वळून बघत होते, आपण केलं ते बरोबर होतं ना, असं विचारल्यासारखे.

मी म्हटलं, 'हो बाबा. ओळखतात.'